सगळं क्रेडिट ॲटिकसलाच का?

तुमचा लेख आवडला, पण हार्पर लीच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' कादंबरीतली सगळी सहानुभूती वकील ॲटिकसच्या खात्यात टाकलीत हे काही पटलं नाही बुवा. गोष्ट सांगणाऱ्या त्याच्या छोट्या मुलीला, स्काउटला, पहिला धडा कॅलपर्निया देते की! तो गरीब वॉल्टर कनिंगहॅम जेवायला येतो, भाजी-मटण सगळ्यावर काकवी ओततो, ही पोरगी भर जेवणात बोलून मोकळी, तर कॅलपर्निया तिला किचनमध्ये नेऊन अशी झापते की बास, घरात पाय ठेवेल तो पाहुणा, वर तुझं ताट घेऊन इथेच बसून जेव म्हणून. 1930 च्या दशकातलं अलाबामा आणि हे सांगणारी कोण, तर घरात स्वैपाक करणारी काळी बाई, हे लेखात यायला हवं होतं ना. गोऱ्या मायेलाचं कॅरेक्टरपण घ्या, बलात्काराची खोटी साक्ष देऊन निर्दोष काळ्या टॉमला अडकवते म्हणून राग येतोच, पण त्या उकिरड्यासारख्या अंगणात तिने जपलेले लाल जिरेनियम आठवले की नुसती व्हिलन म्हणून सोडून देता येत नाही. माझी तक्रार एकच, खुद्द टॉम रॉबिन्सन मनातून कसा आहे ते स्काउटला, म्हणजे आपल्यालाही, फारसं दिसतच नाही. वर्गात चर्चा त्यावर घ्या, घराबाहेर न पडणाऱ्या त्या शेजारच्या बू रॅडलीवर सगळेच लिहितात.