गळती बोटाने शोधायला सांगणाऱ्याला आधी आवरा

गोव्यात साखळी गावाला जेसीबी चालवणाऱ्या माझ्या पुतण्याने काल एक फॉरवर्ड पाठवला: ‘हायड्रॉलिक जॅक स्वतःच दुरुस्त करा, मेस्त्रीचे पैसे वाचवा.’ जॅक म्हणजे ऑइलच्या दाबाने मशीनचा हात हलवणारा सिलिंडर. चार उपाय, आणि खाली पुतण्याचा प्रश्न, ‘काका, करून बघू?’ नको रे बाबा.

पहिला उपाय: ‘गळती दिसत नसेल तर मशीन चालू ठेवून होजवरून (ऑइलच्या रबरी नळीवरून) बोट फिरवा, ओलं लागेल.’ हे लिहिणाऱ्याची बोटं अजून शाबूत असतील तर नशीबच. लोडवर असताना त्या होजमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो. कातडी भेदायला ७-८ बारही पुरतात. बारीक भोकातून सुटलेली धार डोळ्यांना दिसत नाही, पण इंजेक्शनसारखी आत जाते. फसवं असं की सुरुवातीला नुसतं टोचल्यासारखं वाटतं. माणूस फडक्याला हात पुसून कामाला लागतो. ऑइल मात्र आतल्या आत तळहातापर्यंत पसरतं, काही तासांत बोट सुजून ठणकू लागतं, आणि उशीर झाला तर ते कापावंही लागतं. जेसीबीच्या ऑपरेटर मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट दिलंय: गळती तपासायला पुठ्ठा धरा, ऑइल कातडीत शिरलं तर ताबडतोब डॉक्टर गाठा. पण ते पुस्तक उघडतो कोण! असं झालंच तर दुखायची वाट न बघता सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जा आणि ‘प्रेशरने हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय’ असं ठणकावून सांगा. नाहीतर वरचं भोक बघून कोणीतरी पट्टी लावून घरी पाठवेल.

दुसरा: हायड्रॉलिक ऑइलच्या टाकीत ब्रेक ऑइल ओता, सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) फुगून गळती थांबते. फुगतं खरं, म्हणून तर हा उपाय पसरतो. पण फुगलेलं सील मऊ पडून फाटतं, आणि हायड्रॉलिक ऑइलमध्ये न मिसळणारं ते ब्रेक ऑइल पंपात, व्हॉल्व्हमध्ये सगळीकडे फिरतं. सील किटचे पैसे वाचवायला गेलात आणि अख्खी सिस्टिम धुवायला काढलीत.

तिसरा, गंजलेल्या रॉडला, म्हणजे जॅकमधून आत-बाहेर होणाऱ्या चकचकीत दांड्याला, सँडपेपर. ठोकर लागून वर आलेली कड बारीक ऑइलस्टोनने बसवता येते, तेवढं मान्य. पण क्रोमचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा; तो घासून काढलात की नवं सीलही टिकत नाही. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर यार्डात रॉड बाहेर ठेवून मशीनं पावसात उभी केली, त्या मालकांना विचारा. रॉड आत घेऊन उभं करा, उरलेल्या भागाला ग्रीस लावा.

चौथा: बूम (मशीनचा लांब हात) आपोआप खाली येतो म्हणजे पिस्टन सील, जॅकच्या आतलं सील, गेलं. कधी कधी. पण जॅककडे ऑइल सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्हही गळत असू शकतो. रॉड पूर्ण बाहेर काढा, इंजिन बंद करून दाब सोडा, रॉडकडची होज काढून तिचं तोंड बंद करा, मग पुन्हा बाहेरच्याच दिशेला दाब द्या. होज काढल्यावर जॅकवर उघड्या राहिलेल्या तोंडासमोर, म्हणजे पोर्टसमोर, कोणी उभं राहू नका. तिथून ऑइल वाहत राहिलं तर सील. पोर्ट कोरडा राहिला तर किट दुकानातच राहू दे, व्हॉल्व्ह बघ.