म्हणे, कॅनडाला ये!

दर रविवारी आतेभावाचा फोन. "काय ठेवलंय बेळगावात? ये की इकडं!"

अरे, 1956 पासून आम्ही महाराष्ट्रात जायचं म्हणतोय, तेच जमेना, आणि हा कॅनडाला बोलावतोय!

पण इथं तरी राहायचं कसं? टिळकवाडीतलं शेजारचं कौलारू घर पाडलं, फणसासकट. तिथं आता कॅफे. कॉफी 180 रुपये, तीही वाटीभर! घरमालक भाडं वाढवतो, का तर "एरिया सुधारला". कुठं सुधारला ओ? 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत नंबर लागला, तेव्हापासून गल्ली खणतातच आहेत!

आणि हा शहाणा तिकडं तळघरात तिघांबरोबर खोली वाटून राहतो. वर फोन ठेवताना, "दोन किलो कुंदा पाठव रे!"