'गुलामांची नावं कुठेच नाहीत' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या गुलामांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, पूर्वज शोधायचे तर डीएनए किटच घ्या, असा एक मेसेज फिरतोय. तो पहिल्यांदा आला तेव्हा वाचून सोडून दिला. मग पुण्याहून वन्संनी तोच मराठीत पाठवला, शेवटी आपल्या कुळाचाराचं कौतुक जोडून. तेव्हाही गप्प बसले. पण गेल्या आठवड्यात सुनेच्या चुलतभावाने तोच फोनवर दाखवला आणि म्हणाला, यंदाच्या फॅमिली रीयुनियनच्या, म्हणजे सगळ्या नातेवाइकांच्या मेळाव्याच्या, वर्गणीतून जुनी कागदपत्रं शोधायला बाजूला ठेवलेले पैसे आता डीएनए किटवर घालू, 'कारण बाकी काही उरलेलंच नाही'. आता मात्र बोलणं भाग आहे.

माझी सून कृष्णवर्णीय अमेरिकन. तिच्या आईकडचे सगळे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातल्या हँकॉक काउंटीचे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याएवढा कारभार समजा. कोर्ट, दस्त, मृत्युपत्रं, सगळं काउंटीच्या गावी. हँकॉकचं गाव स्पार्टा, अटलांटापासून गाडीने दोनेक तास. एके काळी कापसाचा श्रीमंत मुलूख, म्हणजे कोणाच्या जिवावर श्रीमंत ते सांगायला नको.

मेसेजचा सारांश असा. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण सिव्हिल वॉरमध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेतली सगळी कोर्टं जाळली, म्हणून कागद नाहीत. 1870 च्या आधी काळ्या माणसांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. आडनाव जे असेल तोच मालक. जॉर्जियातल्या जुन्या घरात एक तरी चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळ अमेरिकन जमातीतली, राजकन्या असतेच. आणि हे सगळं सोडा, डीएनए चाचणीला थुंकी पाठवा, आफ्रिकेतलं गावसुद्धा कळेल. मराठी आवृत्तीत पुढे: 'आपल्याकडे बघा, चौदा पिढ्या तोंडपाठ!'

आधी जाळपोळीचं बघू. शर्मन नोव्हेंबर 1864 मध्ये अटलांटाहून निघाला आणि डिसेंबरात सव्हानाला पोचला. वाटेत मिलेजविल लागलं, ती तेव्हाची राजधानी. पुढे सँडर्सविल, तिथलं कोर्ट त्याच्या फौजेने खरोखरच जाळलं. स्पार्टा या दोन गावांपासून फार लांब नाही, पण मुख्य फौजेच्या वाटेत ते आलं नाही. जॉर्जियात आज 159 काउंट्या आहेत. एका फौजेच्या एका वाटेवर त्यातल्या किती येणार? ज्याला आपल्या काउंटीत काही सापडत नाही तो शर्मनचं नाव घेतो आणि मोकळा होतो. बाकी कोर्टं जळली ती बरीचशी शांततेच्या काळात, लाकडी इमारती आणि चुली-दिव्यांमुळे.

यातलं अर्धं सत्य मान्य करते, जिवावर येऊन. व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल 1865 मध्ये रिचमंड पेटलं तेव्हा नेमकी तीच गेली. त्या काउंट्यांचे लोक रडले तर खुशाल रडू द्या. पण ती व्हर्जिनिया.

आणि हँकॉकचं कोर्ट? जळलं. पण ऑगस्ट 2014 मध्ये! शर्मन जाऊन शतकाहून जास्त काळ लोटल्यावर. 1880 च्या दशकातली ती देखणी इमारत आतून खाक झाली; उभ्या राहिलेल्या भिंतींच्या आत ती पुन्हा बांधली आणि 2016 मध्ये उघडली. तोवर जुन्या मृत्युपत्रांच्या आणि दस्तांच्या मायक्रोफिल्म कधीच्या राज्याच्या दप्तरखान्यात जाऊन बसल्या होत्या. हा दप्तरखाना, जॉर्जिया आर्काइव्ह्ज, अटलांटाच्या दक्षिणेला मॉरो गावात आहे, आणि त्याला लागूनच केंद्र सरकारच्या नॅशनल आर्काइव्ह्जची शाखा. शिवाय काउंटीच्या करवह्यांची, टॅक्स डायजेस्टची, एक प्रत राज्याकडे पाठवायची पद्धत होती, म्हणजे कोर्ट जळलं तरी कर कोणी भरला ते शिल्लक राहतं. सरकार वसुलीचा कागद हरवत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता मुख्य मुद्दा, ज्याने मला खरा राग आला. '1870 च्या आधी नावंच नाहीत.'

1870 ची भिंत आहे, हे खरं. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. 1870 ची जनगणना ही मुक्त झालेल्या लोकांची नावानिशी झालेली पहिली. तिथवर जाऊन बरेच जण थांबतात. पण मेसेज लिहिणाऱ्याने जनगणनेत नाव नाही याचा अर्थ कुठेच नाही असा लावला, आणि तो अर्थ त्याने अशा लोकांच्या गळी उतरवला ज्यांच्या पणजोबांना नाव नाकारण्यात आधीच पुष्कळांचा हात होता. तुमच्या पूर्वजांची कोणी दखलसुद्धा घेतली नव्हती, असं परक्याने येऊन सांगायचं आणि वर 'फॉरवर्ड करा' म्हणायचं.

दखल घेतली होती. कारण पैसा गुंतला होता. माणसाला मालमत्ता समजणाऱ्यांनी मालमत्तेचा हिशोब चोख ठेवला. मालक मेला की कोर्ट गावातले दोन-चार प्रतिष्ठित नेमायचं, ते घरी जाऊन एकेका वस्तूची किंमत लावायचे आणि यादी कोर्टाच्या वहीत चढायची. मॉरोला फिल्मवर अशी पानं मी सुनेबरोबर पाहिली आहेत. तिरकं, वळणदार अक्षर, डावीकडे वस्तू, उजवीकडे डॉलर. वर एका बाईचं नाव, त्यापुढे 'आणि तिचं तान्हं', दोघांची मिळून एक किंमत. खाली एका म्हाताऱ्याचं नाव आणि त्यापुढे शून्य, कारण आता त्याच्याकडून काम होण्यासारखं नव्हतं. त्याच ओळीच्या खाली खेचर, त्याखाली कापसातली सरकी काढायचं यंत्र. सून ते पान बराच वेळ पुढे सरकवत नव्हती. मीही काही बोलले नाही.

अशी नावं मृत्युपत्रांत सापडतात, लेकीला लग्नात दिलेल्या बक्षीसपत्रांत सापडतात, खरेदीखतांत आणि गहाणखतांतही. हो, माणसं गहाण ठेवत.

मग आपला माणूस त्यात ओळखायचा कसा? इथे कष्ट आहेत, आणि मेसेजवाल्यांना नेमके तेच नको असतात. 1870 मध्ये कुटुंब कुठे राहतंय ते बघायचं. तिथून थोडं मागे यायचं. 1867 मध्ये जॉर्जियात मतदार नोंदणी झाली तेव्हा मुक्त झालेल्या पुरुषांनी शपथ घेऊन नावं नोंदवली, त्या वह्या आहेत. युद्ध संपता संपता, मार्च 1865 मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्युरोने, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याने, मजुरीचे करार लिहून घेतले. त्यात जमीनमालक कोण, राबणारा कोण, मोबदला काय, कधी कधी बायको-मुलंही. पुढच्या काही वर्षांच्या करवह्यांत मुक्त झालेल्या माणसाच्या नावाबरोबर त्याला कामावर ठेवणाऱ्याचं नाव येतं. हा कामावर ठेवणारा पुष्कळदा जुन्या मालकाच्या घरातलाच असतो, नेहमी नव्हे. मग त्याच्या बापाचं, सासऱ्याचं मृत्युपत्र काढायचं, यादी काढायची आणि तिथे एक नाव नाही, आई आणि तिची तीन-चार मुलं अशी जुडी जुळते का ते बघायचं. एकटं 'मेरी' किंवा 'जॉन' जुळलं म्हणून नाचू नये. तशा मेरी गल्लोगल्ली होत्या. ब्युरोचे कागद फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहेत, 2016 पर्यंत स्वयंसेवकांनी त्यातल्या लाखो नावांची सूची केली. एक पैसा लागत नाही.

आणि हँकॉकचंच उदाहरण हवं असेल तर अमांडा अमेरिका डिक्सन घ्या. जन्म 1849, आई ज्युलिया गुलाम आणि तेव्हा पोरवयाची, बाप डेव्हिड डिक्सन, त्या भागातला नावाजलेला कापूसवाला. जनगणनेच्या तक्त्यात अमांडाला नावाने शोधायला जाल तर हात हलवत परत याल. पण 1885 मध्ये डिक्सन मेला आणि त्याने काही लाख डॉलरच्या इस्टेटीतला मोठा वाटा या मुलीला आणि तिच्या मुलांना ठेवला. गोरे नातेवाईक धावत कोर्टात. स्पार्टाच्या ज्युरीने मृत्युपत्र उचलून धरलं, 1887 मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही. तो सगळा खटला कागदावर आहे. अमांडा अपवाद होती, मान्य. श्रीमंत बापामुळे तिचे कागद जाडजूड झाले. पण 'नावंच नाहीत' म्हणणाऱ्याला त्याच काउंटीतली ही एक बाई पुरेशी आहे.

आडनावाचं थोडक्यात. काहींनी शेवटच्या मालकाचं घेतलं, काहींनी आधीच्या, काहींनी बापाचं, काहींनी स्वतःच्या मनाने. काही घराण्यांत तर मालकाला ठाऊक नसलेलं आडनाव आपसांत आधीपासून चालत होतं. म्हणून आडनाव बघून मालक ठरवणारे भलत्याच घराच्या यादीत वर्षं घालवतात. फ्रीडमन्स बँकेची खाती बघा, मुक्त झालेल्या लोकांसाठीची ती बँक 1865 ते 1874 चालली, ऑगस्टाला तिची शाखा होती आणि ती हँकॉकला जवळची. खातं उघडताना आई, बाप, भावंडं, जन्मगाव विचारत, आणि सुरुवातीच्या अर्जात जुना मालकही. म्हणजे आडनाव आणि मालक दोन्ही एकाच कागदावर, आणि पुष्कळदा वेगवेगळे.

चेरोकी राजकन्येवर खरं तर शाई वाया घालवू नये, पण ती प्रत्येक रीयुनियनला हजर असते. पहिली गोष्ट, चेरोकींमध्ये राजे नव्हते, म्हणून राजकन्या नाहीत. कुळ आईकडून चालायचं. दुसरी, हँकॉकच्या पश्चिमेला ओकोनी नदी आहे आणि 1802 पर्यंत नदीपलीकडचा मुलूख क्रीक या दुसऱ्याच मूळ अमेरिकन लोकांचा होता. चेरोकी राहायचे वर उत्तरेला डोंगरात, आणि 1838 मध्ये त्यांना तिथून हुसकावून लावलं. तिसरी, 1906 च्या सुमारास केंद्र सरकारकडून चेरोकींना नुकसानभरपाई मिळणार असं जाहीर झालं तेव्हा सुमारे नव्वद हजार माणसांच्या वतीने अर्ज आले. गायन मिलर नावाच्या अधिकाऱ्याने साक्षी घेऊन छाननी केली आणि मान्य झाले तीस हजारांच्या आसपास. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच प्रत्येक तिघांतल्या दोघांना घरी पाठवलं होतं. ते नाकारलेले अर्जसुद्धा नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहेत. गंमत म्हणजे तेच कामाचे, कारण अर्जदाराने आजी-आजोबांची नावं, गावं सगळी भरलेली असतात. राजकन्या सापडत नाही, खरी पणजी सापडते.

वन्सं, आता तुमचा मुद्दा. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन पिढ्या म्हणून दाखवतात, हे मलाही कौतुकाचं वाटतं. पण त्या वहीत नाव कोणाचं चढलं? जो तीर्थाला जाऊ शकला त्याचं. ज्याला देवळाची पायरीही चढू दिली नाही त्याच्या चौदा पिढ्या कोणी लिहिल्या? बायकांची नावं असली तर असली. तुमच्याच आजेसासूबाईंचं माहेर कुठलं ते आधी सांगा, मग स्पार्टाच्या लोकांना वंशावळ शिकवू.

राहिलं किट. डीएनए चाचणी फसवी आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या डीएनएचे तुकडे कंपनीकडे असलेल्या नमुन्यांशी ताडून टक्केवारी काढतात. नमुने बदलले की टक्के बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा माणूस यंदा वेगळ्या देशाचा निघतो. त्यातून गाव कळत नाही. 2015 मध्ये ट्वेन्टीथ्री अँड मी या किट विकणाऱ्या कंपनीच्या हजारो ग्राहकांवरून झालेल्या अभ्यासात आफ्रिकन अमेरिकन लोकांचा युरोपीय वाटा सरासरी 24 टक्के आणि मूळ अमेरिकन वाटा एका टक्क्याहून कमी आला. राजकन्येचा हिशोब तिथेही लागतो, आणि डिक्सनसारख्यांचाही.

किटचा खरा उपयोग टक्क्यांत नाही, जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत आहे. आणि त्या यादीतला अनोळखी माणूस आपला कोण हे ठरवायला परत मृत्युपत्रं आणि करारच उघडावे लागतात. म्हणून त्या चुलतभावाला माझं सांगणं असं: पोराटोरांसाठी किटं घेऊ नका. मुलाकडे पणजीच्या डीएनएचा जेमतेम आठवा हिस्सा असतो. एकच किट घ्या, सुनेच्या आजेमावशीसाठी. ऐंशी ओलांडलेल्या आहेत, त्या जुन्या माणसांना दोन पिढ्या जवळ आहेत. त्याच बैठकीत त्यांच्याकडून चर्चच्या दफनभूमीत कोण कुठे आहे ते विचारून कागदावर घ्या आणि त्यांनी जपून ठेवलेले अंत्यविधीचे छापील कार्यक्रम मागून फोटो काढा, त्यात नातेवाइकांची यादीच असते. बाकीची वर्गणी मॉरोच्या प्रतींसाठी. आणि नळीत थुंकायला सांगण्याआधी आजेमावशींना नीट विचारा. नको म्हणाल्या तर नको.