आमची ४१२ दिवसांची मैत्री

"कॉलेजच्या पोरांना मोबाईलचं व्यसन लागलंय" हे ऐकून ऐकून कान किटले. सर सांगतात, आई सांगते, आणि आई सांगते तेव्हा तिच्याही हातात फोनच असतो, ते असो. सगळे फक्त तास मोजतात. मला विचाराल तर रील्सपेक्षा वाईट खोड आम्हाला वेगळीच लागलीये, मैत्री मोजायची.

व्हॉट्सॲपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या टिक आल्या नोव्हेंबर २०१४ मधे, तेव्हा मी चौथीत, मला काय त्याचं. आता निळी टिक दिसली आणि दहा मिनिटांत रिप्लाय नाही आला की दिवस खराब. सेटिंगमधे जाऊन बंद करता येतात पण केल्या की लगेच "काय लपवतेस गं?" आमच्या वर्गातल्या एका जोडीचं तर लास्ट सीनवरूनच फिस्कटलं, रात्री १:४० ला ऑनलाईन होतास तर कोणाशी? तो म्हणे क्रिकेटचा ग्रुप. असेलही.

पण खरी गोष्ट माझीच सांगते, लाज वाटते तरी. मी आणि माझी मैत्रीण रोज म्हापसा-पणजी शटल बसने एकत्र कॉलेजला जातो. स्नॅपचॅटवर आमची स्ट्रीक ४१२ ची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोघींनी २४ तासांत एकमेकींना एक तरी स्नॅप पाठवायचा, नाहीतर आकडा शून्य. वेळ संपत आली की नावापुढे वाळूचं घड्याळ येतं आणि पोटात गोळा. तुटलेली स्ट्रीक पैसे भरून परत मिळवायची सोय पण आहे. पाठवतो काय तर छताचा फोटो, उशी, अर्धं कपाळ, पायाखालची लादी. शेजारी बसून पण पाठवलेत, पर्वरीच्या ट्रॅफिकमधे.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही पाच दिवस सत्तरी तालुक्यात गावच्या घरी. तिथे रेंज फक्त तुळशीच्या मागे, ती पण मूड असला तर. पहिल्या दिवशी आत घुमट (मातीचं वाद्य) वाजवत आरती चाललेली आणि मी अंगणात हात वर करून फिरतेय, आजी दारातून म्हणते, "कोणाक सोदता गो?" काय सांगणार तिला. शेवटी मामेभावाला कसाबसा फोन लागला, माझा पासवर्ड दिला, म्हटलं रोज तिला एक स्नॅप टाक, काहीही टाक.

परत आल्यावर बसमधे मी हसत हसत तिला सांगितलं की पाच दिवस तू माझ्या मामेभावाशी बोलत होतीस. तिला राग येईल वाटलेलं. ती म्हणाली, अगं माझा पण फोन बहिणीकडेच होता. दोघी एवढ्या हसलो की पुढच्या सीटवरच्यांनी वळून बघितलं, म्हणजे आमची मैत्री पाच दिवस दुसरेच दोघे चालवत होते आणि आकडा वाढतच होता!

मग मी विचारलं, तू का दिलास फोन? तर चवथीच्या दुसऱ्याच दिवशी तिची आजी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ही तिच्यापाशीच, म्हणून स्ट्रीकचं काम बहिणीकडे.

मामेभावाला घरी येऊन विचारलं, त्या दिवशी काय आलेलं? म्हणाला, लादीचा फोटो, पांढरी लादी आणि स्ट्रेचरचं चाक. मला नाही सांगितलंस? तर म्हणे, तूच म्हणालेलीस ना, फक्त टाकत राहा. त्याने उत्तरादाखल पंखा पाठवलेला.