‘देव मेला’ म्हणणारा माणूस कोणाशी बोलत होता?

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे: ‘नीत्शेने देव मेल्याचं जाहीर केलं, जगण्याला अर्थ नाही हे सिद्ध केलं आणि बुद्धीला मोडीत काढलं.’ यातलं एकही विधान या जर्मन तत्त्वज्ञाच्या लिखाणापुढे टिकत नाही.

आधी ‘जाहीर केलं’ हे बघू. त्याच्या १८८२ च्या ‘आनंदी विज्ञान’ या पुस्तकातल्या १२५ व्या परिच्छेदात एक वेडा भर सकाळी कंदील पेटवून बाजारात देवाला शोधत येतो. तिथे जमलेले लोक भाविक नाहीत, नास्तिक आहेत. ते हसतात, ‘हरवला का? लपून बसलाय का?’ असं विचारतात. ‘आपणच त्याला मारलं’ हे वेड्याचं बोलणं या हसणाऱ्यांना उद्देशून आहे: देव गेला, पण त्याच्या आधारावर उभी असलेली नीती तशीच राहील असं धरून तुम्ही निवांत बसला आहात. शेवटी तो कंदील आपटून फोडतो आणि म्हणतो, मी फार लवकर आलो. ही विजयाची घोषणा कशी म्हणायची? त्याच पुस्तकातला परिच्छेद १०८ सोबत वाचला की हे आणखी स्पष्ट होतं. बुद्धांच्या मृत्यूनंतर शतकानुशतकं एका गुहेत त्यांची सावली दाखवत, तशी देवाचीही सावली उरेल, असं तिथे म्हटलं आहे. शिवाय ‘देव स्वतः मेला आहे’ ही भावना आधीचा जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने १८०२ मध्येच नोंदवली होती.

‘जगण्याला अर्थ नाही’ हे शोपेनहॉवर या निराशावादी जर्मन तत्त्वज्ञाच्या जास्त जवळचं आहे. आयुष्य दुःख आणि कंटाळा यांच्यात लंबकासारखं झुलतं, असं तो म्हणे. नीत्शेने १८६५ मध्ये लाइपझिगला त्याला वाचलं, तो भारावला आणि पुढे त्याच्याच विरोधात उभा राहिला. शून्यवाद, म्हणजे कशालाच अर्थ किंवा मूल्य नाही ही धारणा, नीत्शेच्या लेखी संकट होतं, शिकवण नव्हे. ‘आनंदी विज्ञान’च्या परिच्छेद २७६ मध्ये तो नियतीवर प्रेम करायचं म्हणतो, तर १८८७ मध्ये जोडलेल्या ३४३ व्यात समुद्र पुन्हा मोकळा झाल्याचा आनंद आहे.

बुद्धीचं म्हणाल, तर १८७८ चं पुस्तक त्याने व्हॉल्तेर या बुद्धिवादी फ्रेंच लेखकाच्या स्मृतीला अर्पण केलं होतं. ‘आनंदी विज्ञान’च्या परिच्छेद ३४४ मधला प्रश्न एवढाच: सत्य कोणत्याही किमतीवर हवंच, ही विज्ञानाची श्रद्धा कुठून आली? हा प्रश्नही तो युक्तिवाद करूनच विचारतो.

गोंधळाचं एक मूळ छपाईत आहे. ‘सत्ताकांक्षा’ हे पुस्तक त्याने त्या रूपात कधी पूर्ण केलं नाही. त्याच्या वह्यांमधली टिपणं बहीण एलिझाबेथ आणि सहकाऱ्यांनी जुळवली: १९०१ च्या आवृत्तीत ४८३ टिपणं, १९०६ च्या आवृत्तीत १०६७. तिथलं अवतरण वापरताना ते त्याने स्वतः छापलेलं नाही, हे सोबत लिहायलाच हवं.