गवा तुमच्या उसात, अस्वल माझ्या डेकवर

"तिकडं बरं आहे बाबा. जनावर जंगलात आणि माणूस घरात. हितं गवा दारात येऊन उभा राहतोय."

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर धाकट्या चुलतभावानं हे टाकलं आणि माझं डोकं फिरलं. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. राधानगरी रस्त्याला आमचं शिवार आहे, तिथं उसाच्या खोडव्यात बॅटरीच्या उजेडात सात गवे निवांत उभे. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. मागून डबे बडवल्याचा आवाज, कुणीतरी शिवी हासडतोय. खाली चर्चा पेटलेली. एक म्हणतो गोळ्या घाला, दुसरा म्हणतो नसबंदी करा. तिसऱ्यानं उपाय काढला, दाजीपूरच्या अख्ख्या जंगलाला तारेचं कुंपण घाला, परदेशात घालतात तसं. आणि परदेश म्हणजे मी, म्हणून मला टॅग केलं.

परदेशात घालतात तसं! कुठं घालतात?

माझं घर अमेरिकेत, डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरात, आठ हजार फुटांवर. पन्हाळ्याच्या अडीचपट उंची धरा. आमच्या घराला कुंपण नाही, शेजाऱ्याच्या नाही, त्याच्या शेजाऱ्याच्याही नाही. एचओए, म्हणजे इथली घरमालकांची सोसायटी, परवानगीच देत नाही, तारेत एल्क अडकतात म्हणून. एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण. त्या एल्क माद्या एप्रिलभर ड्राइव्हवेवर आडव्या पसरलेल्या असतात, पोटं जड झालेली. जूनपर्यंत विणार. ऑफिसच्या मीटिंगला उशीर झाला तर "एल्क" एवढं कारण पुरतं. नरांची जुनी शिंगं मार्चमध्ये गळून पडतात आणि नवी मखमल पांघरून वाढायला लागतात. शेजारणीच्या शेडखाली कोल्हीण व्यालीय. चार पिल्लं आहेत, दुपारी चार वाजता उन्हाला बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या चावतात. (कोल्हापूर सोडून कोल्ह्यांच्यात गेलास, हा विनोद ग्रुपवर करून झालाय. दोनदा.)

वसंत इथं कॅलेंडरवर मार्चमध्ये येतो आणि अंगणात मेमध्ये. मधे दोन-तीनदा गुडघाभर बर्फ पडून जातो. पण एप्रिलच्या अखेरीस एखाद्या सकाळी कानावर बारीक शिट्टी येते आणि मी चहा तसाच ठेवून बाहेर पळतो. हमिंगबर्डचा नर. ती शिट्टी गळ्यातून येत नाही, उडताना त्याच्या पंखांतून वाजते. म्हणून तो दिसायच्या आधी ऐकू येतो. पार मेक्सिकोकडून आलेला हा जीव गुजरीतल्या सोनाराच्या काट्यावर घातला तर अर्धा तोळासुद्धा भरणार नाही. एक भाग साखर, चार भाग पाणी, एवढंच त्याला लागतं. त्याच सुमाराला बर्फाच्या कडेनं जांभळी पास्क फुलं वर येतात, देठाला लव असलेली. उन्हं तापली की पाँडरोसा पाइनच्या खोडाला नाक लावायचं, व्हॅनिलाचा वास येतो. बायको म्हणते, झाडाला मिठी मारणारा शिवाजी पेठेतला पहिला माणूस.

आणि अस्वल. तेही एप्रिलमध्ये बिळातून उठतं. नावाला काळं, रंग बहुतेक वेळा दालचिनीचा. सुरुवातीला बिचारं गवत खातं, पण नाक असं की बंद डब्यातला पिझ्झा मैलावरून हुडकेल. म्हणून आम्ही कचरा ठरल्या दिवशी सकाळीच बाहेर काढतो, आदल्या रात्री काढला तर दंड. डब्यांना कड्या. बार्बेक्यू खरवडून ठेवायचा, गाडीत च्युइंगमसुद्धा विसरायचं नाही. जनावर आलं की कुणी डबे बडवत नाही आणि व्हिडिओ काढायला त्याच्या अंगावरही जात नाही. शिस्त म्हणतात ती ही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. चाळीस ओळी. वर आणखी ऐकवलं की गवे तुमच्या उसात आलेले नाहीत, तुमचा ऊस त्यांच्यात गेलाय. दाजीपूरचं जंगल शिल्लक राहिलं ते संस्थानच्या शिकारीसाठी राखलं होतं म्हणून. १९५८ साली तिथं गव्यांचं अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं केलं. आपण काय केलं? धरणाचं पाणी मिळालं तसा डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस नेला. फाल्गुन-चैत्रात वर गवत वाळतं, पाणवठे आटतात आणि खाली हिरवंगार, रसाळ, माणसापेक्षा उंच रान. गवा काय देवरूखला जाईल? आणि कोथरूडची आठवण करून दिली. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात वाट चुकलेला गवा आला, माणसांनी मागं लागून लागून दमवला आणि तो मेला. बिबट्या दिसला, गवा दिसला की आपल्याकडं जत्रा भरते, चांगभलं म्हणायचं तेवढं बाकी असतं.

भुयेवाडीचं मात्र मी लिहिलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गवा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला होता आणि भुयेवाडीच्या शिवारात एका तरुण पोराचा जीव गेला. ते लिहिणं माझ्या मुद्द्याला सोयीचं नव्हतं.

इकडचं लांडग्यांचंही लिहिलं नाही. २०२० च्या निवडणुकीत कोलोराडोत लांडगे परत आणायचे की नाही यावर मतदान झालं. जेमतेम फरकानं 'हो' झालं. हो म्हणणारे बहुतेक डेन्व्हरच्या पट्ट्यातले, आणि लांडगे सोडायचे होते डोंगरापलीकडं, गाईगुरं पाळणाऱ्यांच्या उशाला. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनमधून आणलेले दहा लांडगे सोडले, आणि पुढच्याच वसंतात वासरं मरायला लागली. गुरं पाळणाऱ्यांना एका जनावरामागं पंधरा हजार डॉलरपर्यंत भरपाई आहे, तरी ते लोक चिडलेले आहेत, आणि त्यांची भाषा ऐकली तर आमचा चुलतभाऊ इंग्रजीत बोलतोय असं वाटेल. मीही 'हो'वर खूण केली होती. माझी एकही गाय नाही. खरं तर मी शिवारात रात्र कधी काढलेलीच नाही. बालपण शिवाजी पेठेत गेलं. सुट्टीत गावाकडं गेलो की शिवारातल्या राखणीच्या माळ्यावर चढायचो, दिवसा, फोटोसाठी. राखणीला चुलते जायचे, आता भाऊ जातो.

आणि ती शिस्त. इथं आल्यावर दुसऱ्या वसंतात मी पक्ष्यांसाठी टांगलेला सूर्यफुलाच्या बियांचा फीडर उतरवला नव्हता. एप्रिल ते नोव्हेंबर उतरवून ठेवा असं सगळे सांगतात. पण बर्फात लाल-पिवळे फिंच यायचे, म्हटलं अजून एक आठवडा. एका पहाटे खडखडाट झाला. बघतो तर डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, दालचिनी रंगाची अस्वलीण, मागच्या पायांवर उभी, फीडर दोन पंजांत धरून वाटी चाटावी तशी चाटतेय. मी काचेआडून फोटो काढले. शेजाऱ्यानं फोन केला. ती परत आली, पुन्हा आली, मग पिंजरा लागला. इथला कित्येक वर्षांचा नियम असा होता, की पहिल्या वेळी कानाला बिल्ला मारून लांब नेऊन सोडायचं, दुसऱ्यांदा तक्रार आली तर गोळी. तिला नेलं. पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या खोऱ्यात एका स्वयंपाकघरात घुसलेलं अस्वल मारलं, त्याच्या कानात बिल्ला होता असं ऐकलं. नंबर काय होता ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

तर चाळीस ओळी टाकून मी उत्तराची वाट बघत बसलो. इथं दुपार, तिकडं रात्रीचे दोन. भाऊ जागाच होता, राखणीला. त्यानं लिहिलं, "दादा, समदं बरोबर हाय. पण ते संमतीपत्र पाठव की तेवढं. दोन महिनं झालं."

गेल्या नुकसानीचा पंचनामा झालाय. सातबाऱ्यावर तीन नावं आहेत, त्यातलं एक माझं, वडील गेल्यावर वारस म्हणून लागलेलं. भरपाई भावाच्या खात्यावर जायची तर बाकी दोघांची सही लागते. बहिणीनं कधीच दिली. माझा कागद छापून स्वयंपाकघरात पडलाय, हमिंगबर्डच्या साखरेच्या पिशवीखाली. नोटरी गावातल्या बँकेतच बसते, दहा मिनिटांवर.

पैशाचा प्रश्न नाही, तो सगळा त्याचाच. पण आज संमतीपत्र दिलं की पुढच्या दिवाळीला हक्कसोड मागतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. रेशनकार्डावरून नाव गेलं, मतदारयादीतून गेलं, पासपोर्ट अमेरिकेचा झाला. ओसीआयवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली तेवढी ठेवता येते. म्हणजे सोडली की सुटली. कोल्हापूर जिल्ह्यात माझं नाव आता तेवढ्या एका कागदावर उरलंय, आणि त्या कागदावर ऊस कुणी लावला, गवा कुणी हाकलला, हे काही लिहिलेलं नसतं.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. "सोमवारी करतो" एवढंच टाकलं.

त्यावर भावाचा अंगठा आला. मग त्याच्या धाकट्या लेकीचा आवाज, एवढ्या रात्री ही पोरगी जागी कशी कोण जाणे, बहुतेक डबे ऐकून उठली असावी. मागच्या वर्षी मी अस्वलिणीचा फोटो टाकला होता, तो तिनं अजून जपून ठेवलाय. "काका, त्ये अस्वल तुमच्या घरी कशाला आलतं?"

फोटो टाकताना मी वरचा भाग कापला होता. त्यात फीडर होता.