हंगेरीचं गणित: 45 टक्के मतं, 133 जागा

लोकशाही मोडली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे येतात. हंगेरीत एकही निघाला नाही. व्हिक्टर ओर्बान 2010 मध्ये रीतसर निवडून येऊन पंतप्रधान झाले. त्यांच्या आघाडीला मतं सुमारे 53 टक्के, जागा 386 पैकी 263, म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त. तिथे संसदेचं सभागृह एकच. घटना बदलायला एवढं पुरतं, सार्वमतही लागत नाही. 1 जानेवारी 2012 ला अख्खी नवी घटनाच लागू झाली.

पण खरी कारागिरी निवडणूक कायद्यात आहे. जागा 199 वर आणल्या: 106 जागा मतदारसंघांतून, 93 जागा पक्षांच्या याद्यांतून (पक्षाच्या खात्यात जमलेल्या मतांच्या प्रमाणात). मतदानाची दुसरी फेरी रद्द. पूर्वी दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत विरोधक आपसात जुळवून एखादा उमेदवार मागे घ्यायचे. ती सोयच गेली. मग यादीचा हिशेब. हरलेल्या उमेदवाराची मतं त्याच्या पक्षाच्या यादीत जमा होतात, ही पद्धत जुनीच. मतं वाया जाऊ नयेत म्हणून. नव्या कायद्याने ही भरपाई जिंकणाऱ्यालाही दिली! समजा पहिल्याला 20,000 मतं, दुसऱ्याला 15,000. जिंकायला 15,001 पुरली असती, म्हणून उरलेली 4,999 विजेत्याच्या यादीत. (ती वाया कुठे गेली होती, हे विचारू नका.)

2014 चा निकाल बघा: ओर्बान यांच्या आघाडीला मतं सुमारे 45 टक्के, 106 पैकी 96 मतदारसंघ, एकूण 133 जागा. 199 चे दोन-तृतीयांश काढले की नेमक्या 133 च लागतात.

हे न्यायालयाने अडवायचं ना? घटना न्यायालयाचे न्यायाधीश 11 वरून 15 केले, निवड त्याच दोन-तृतीयांशाच्या हाती. आपल्याकडे 1973 च्या केशवानंद भारती निकालामुळे घटनादुरुस्तीही कोर्टात तपासली जाते. हंगेरीत 2013 च्या चौथ्या दुरुस्तीने त्या न्यायालयाला सांगून टाकलं: दुरुस्ती रीतीप्रमाणे झाली का एवढंच बघा, आत काय लिहिलंय ते बघू नका.

इतर न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून एकदम 62 वर आणलं. त्यामुळे मुख्यतः वरिष्ठ पदं रिकामी झाली. नोव्हेंबर 2012 मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने हा वयाचा भेदभाव ठरवला. सरकार हरलं, वय टप्प्याटप्प्याने 65 करायचं ठरलं, नुकसानभरपाईही दिली. मात्र तोवर बऱ्याच खुर्च्यांवर नवी माणसं बसली होती आणि त्यांना कुणी उठवलं नाही.